हजेरीपटावरची मुकी नावे

२०२०च्या जुलैत माझ्या पुतण्याने पबजीतल्या आपल्या क्लॅनमधून एका मुलाचे नाव काढून टाकले. “पंधरा दिवस फिरकला नाही, काका. जागा अडवून बसलाय.” नंतर कळले की त्या घरात फोन एकच, आणि तो धाकट्या बहिणीच्या ऑनलाइन शाळेसाठी गेला होता. तेव्हापासून मी या नाव काढण्याच्या प्रथेचा माग काढतो आहे.

‘क्लॅन’ हा शब्द मूळ गेलिक भाषेतला. अर्थ मुले, संतती. आपल्याकडचा भाऊबंद दहा वर्षे गावी आला नाही तरी कुळातून वजा होत नाही. सातबाऱ्यावर त्याचे नाव टिकते, भांडणापुरते का होईना. संगणकी खेळांनी शब्द उचलला, जन्मसिद्ध हक्क मात्र मागे ठेवला.

सुरुवातीला गैरहजेरीचा निवाडा यंत्रच करी. सप्टेंबर १९९७मध्ये आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये खेळाडूंना घरे बांधता येत. जमीन मर्यादित, म्हणून मालक बरेच दिवस आला नाही की घर जीर्ण होत जाई आणि अखेर कोसळे. कोसळायला आलेल्या घराभोवती इतर खेळाडू आतल्या वस्तूंसाठी टपून बसत. मालक कंटाळला की आजारी पडला, याच्याशी त्या नियमाला कर्तव्य नव्हते.

१९९९च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये हिशेबाची वही आली. ड्रॅगन मारायला मोठा जमाव लागे, हाती येणारी लूट थोडी. ‘आफ्टरलाइफ’ नावाच्या गिल्डने, म्हणजे खेळाडूंच्या संघाने, मोहिमेतल्या सहभागाला गुण देऊन त्यांवर लुटीचा वाटा ठरवला. हेच ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’. पुढे काही गिल्ड न येणाऱ्याचे साठलेले गुण हळूहळू घटवू लागले. माझ्या मते खरा बदल इथे झाला. तोवर न येणे ही ज्याची त्याची बाब होती. आता ते इतरांचे देणे ठरले.

नोव्हेंबर २००४मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. त्यातल्या ‘मोल्टन कोअर’ मोहिमेला ४० जणांचा ताफा जाई. आठदहा जण आले नाहीत तर बाकीच्यांची संध्याकाळ फुकट. ज्याने हौशी नाटकाच्या तालमी घेतल्या आहेत, तो गिल्डप्रमुखाला दोष देणार नाही. पुढच्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मध्ये (२०१२) तर क्लॅनला जागाच ५०. तिथे मात्र कालांतराने एक सोय झाली : युद्धात घ्या किंवा घेऊ नका, अशी हिरवी वा लाल खूण. लाल खूण लावून माणूस क्लॅनमध्ये राहू शकतो. या साऱ्या इतिहासातली मला ही सर्वांत सुसंस्कृत सोय वाटते. पण खूण बदलायलाही आधी खेळात यावे लागते!

आणि जो येऊच शकत नाही? नॉर्वेचा मॅट्स स्टीन ‘वॉरक्राफ्ट’च्या ‘स्टारलाइट’ गिल्डमध्ये ‘इबेलिन’ नावाने वावरत असे. त्याला ड्युशेन हा स्नायू क्षीण करत नेणारा आजार होता. सोबत्यांपासून त्याने तो कित्येक वर्षे लपवला. नोव्हेंबर २०१४मध्ये, २५व्या वर्षी तो गेला. मुलगा एकाकी होता असे आईवडिलांना वाटत होते. वडिलांनी बातमी कळवली, तेव्हा अनोळखी माणसांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. अंत्यविधीला सोबती परदेशांतून आले. प्रवास न परवडणाऱ्यासाठी गिल्डने वर्गणी काढली. यादीपुरते पाहिले तर तोही त्या नोव्हेंबरात गैरहजर झालेला एक सदस्यच.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला खेळाची भारतातली सेवा थांबली. पुतण्याच्या यादीतली सगळीच नावे एका दिवसात मुकी झाली, त्याच्या स्वतःच्या नावासकट. त्या मुलाला परत घेतले होतेस का, असे मी विचारले.

“घेणार होतो, काका.”