काँक्रीट पंप : काम सुरू करण्यापूर्वीची सुरक्षा-तपासणी

काँक्रीट पंप म्हणजे हॉपरमध्ये, अर्थात वरून उघड्या असलेल्या कोठीत, पडलेले ओले काँक्रीट ओढून घेऊन पोलादी नळांतून दाबाने कामाच्या जागी पोचविणारे यंत्र होय. आजच्या बहुतेक पंपांत तेलाच्या दाबावर आळीपाळीने चालणारे दोन दट्टे असतात. एक काँक्रीट आत ओढतो, तेव्हा दुसरा ते नळात रेटतो. वाहनामागे ओढत आणून जमिनीवर नळांची लाइन टाकून चालविला जाणारा पंप आणि ट्रकवर घडीचा लांब हात बसविलेला बूम पंप, असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

गावोगाव स्लॅब टाकणे म्हणजे मिक्सर, लिफ्ट आणि घमेल्यांची रांग असे समीकरण दीर्घकाळ होते. महामार्गाच्या कामात मात्र हे समीकरण चालत नाही. उदाहरणार्थ, इंदापूर तालुक्यातील लासुर्णे हे गाव ज्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गावर आहे, त्याच्या चौपदरीकरणाची कोनशिला 8 नोव्हेंबर 2021 रोजी बसविली गेली. अशा महामार्गाचा सपाट काँक्रीट थर पेव्हर यंत्राने अंथरला जातो. पंप लागतो तो पुलांचे खांब, मोऱ्या आणि उंचावरचे स्लॅब यांसाठी.

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात तपासणीची सुरुवात यंत्रापासून नव्हे, तर जमिनीपासून करावी लागते. निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर भिजणारी काळी माती ओली असताना फुगते, वाळली की भेगाळते, आणि वरून टणक दिसणारी उसाच्या बांधाकडेची जागा हातभर खाली लोण्यासारखी मऊ असू शकते. बूम पसरल्यावर यंत्राचा बराचसा भार बाजूच्या आधारपायांपैकी एक-दोहोंवरच एकवटतो. एका पायावर 20 टन भार येतो आणि ती जमीन दर चौरस मीटरला 10 टन पेलते असे धरले, तर त्या पायाखाली 2 चौरस मीटरची भक्कम बैठक हवी. चार विटा आणि फळीचा तुकडा हा आधार नव्हे, ती फसवणूक आहे. विहीर, शेततळे, कालव्याची कड किंवा पायाचा खड्डा जवळ असेल, तर आधारपाय निदान त्या खड्ड्याच्या खोलीइतका दूर ठेवावा आणि माती भुसभुशीत असल्यास ते अंतर दुप्पट करावे. सर्व पाय पूर्ण बाहेर काढलेले आणि यंत्र समपातळीत आहे, हे पाहिल्यावाचून बूमची घडी उघडू नये.

यानंतर नजर वर न्यावी. शेतावरून गेलेल्या 11 केव्हीच्या तारा बूमच्या टप्प्यात येतात का, हे बूम घडीत असतानाच ठरवावे लागते. दाब ठाऊक नसलेल्या तारेपासून पाच ते सहा मीटर अंतर राखण्याची शिस्त जगभर पाळली जाते, कारण बूम तारेला टेकला तर विजेचा धक्का ऑपरेटरबरोबरच खाली टोकाचा रबरी होज धरून उभ्या असलेल्या मजुरालाही बसतो.

नळांच्या तपासणीत घाई सर्वांत महाग पडते. 125 मि.मी. व्यासाच्या नळात दर मीटरला सुमारे 30 किलो काँक्रीट मावते, आणि दाब 70 बारपर्यंत चढला तर नळाच्या तोंडावर साडेआठ टनांहून अधिक रेटा येतो. काँक्रीटमधील खडी नळाला आतून घासत राहते, आणि बेंड म्हणजे वळणाचा तुकडा बाहेरच्या अंगाने आधी पातळ होतो. म्हणून त्याची जाडी मापकाने मोजावी, जुजबी अंदाज हातोडीच्या आवाजावरून घ्यावा. नळ जोडणाऱ्या प्रत्येक क्लॅम्पमधील रबरी कडी शाबूत असावी आणि क्लॅम्पला खीळ लावलेली असावी. खिळेच्या जागी सळईचा तुकडा किंवा बांधणीची तार चालवून घेऊ नये. बांधकाम कामगारांविषयीच्या 1998 च्या केंद्रीय नियमांत पंपाचे नळ प्रत्येक वळणाशी व टोकाशी घट्ट जखडलेले असावेत, परांचीने भरलेल्या नळाचे वजन पेलावे, पंप ठरलेल्या खुणांनी चालवावा आणि त्याच्याजवळच्या कामगारांनी गॉगल वापरावा, असे सांगितले आहे.

टोकाच्या रबरी होजचा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. नळात अडकलेली हवा दाबली जाते आणि वाट मिळताच होज चाबकासारखा फटकारतो. असे पंप सुरू करताना, हॉपर रिकामा होऊ लागल्यावर, तसेच तुंबलेली लाइन मोकळी होताना घडते. म्हणून होजच्या मोकळ्या टोकाला धातूचे जोड असू नयेत आणि पहिले काँक्रीट सलग वाहू लागेपर्यंत त्याच्या झेपेत कोणी उभे राहू नये. हॉपरवरची जाळी उचलताच आतील ढवळणी थांबते का, आपत्कालीन बटण आणि उलट्या दिशेने पंप चालविण्याची सोय काम करते का, हे काँक्रीट नसताना प्रत्यक्ष चालवून पाहावे. लाइन जाम झाल्यावर उलट पंप चालवून दाब उतरविल्याखेरीज क्लॅम्प सुरक्षितपणे उघडता येत नाही. ही सोय बिघडलेली असेल, तर पुढे कुणाला तरी दाबाखालील जोड उघडावा लागेल.

तयार काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार (आयएस 4926) भरलेली गाडी साधारणतः दोन तासांत रिकामी व्हावी लागते. गाड्या दारात उभ्या राहिल्या की तपासणीवर घड्याळाची सत्ता चालते आणि ‘आजच्या दिवस चालवून घेऊ’ हे वाक्य ऐकू येते. त्यामुळे आधारपाय, तारा, नळ, होज आणि हॉपर पाहून झाल्याचा साइट अभियंता व पंप ऑपरेटर या दोघांचाही निरोप काँक्रीटच्या प्लँटवर पोचल्याशिवाय पहिली गाडी भरू नये.