कुठल्या कपाटातली फाइल?

मंडळी, शाळेतल्या एखाद्या मुलाला आपण सांगतो, "जा, कपाटातून भारताचा नकाशा घेऊन ये." मुलगा जातो, पहिले कपाट उघडतो आणि जो नकाशा हाताला लागेल तो घेऊन येतो. तो पन्नास वर्षांपूर्वीचा निघाला तर मुलाचा त्यात काय दोष? नवा नकाशा दुसऱ्या कपाटात होता, हे खरं. पण पहिल्यात नकाशा मिळाल्यावर दुसरे कपाट त्याने उघडायचे कशाला?

संगणकाचेही असेच आहे. त्याला फाइलीचे नुसते नाव सांगितले, की तो एक यादी घेतो, यादीतल्या जागा एकामागून एक पाहतो आणि त्या नावाची जी फाइल पहिल्याने सापडेल ती उचलतो. ही यादी कोणी करावी, तिचा क्रम काय असावा आणि तिच्यात कोणती जागा मुळीच नसावी, हे प्रश्न दिसायला किरकोळ. पण रूबी नावाच्या संगणकभाषेला त्यांची उत्तरे शोधता शोधता वीस-पंचवीस वर्षे लागली. आज त्या यादीचा इतिहास आपण पाहू.

रूबी ही भाषा जपानातली. युकिहिरो मात्सुमोतो या गृहस्थांनी ती रचली. १९९३ साली तिचे नाव ठरले आणि २१ डिसेंबर १९९५ रोजी तिची पहिली आवृत्ती लोकांपुढे आली. रूबी म्हणजे माणिक. तिच्या आधीची पर्ल नावाची भाषा होतीच; तिचे नाव ऐकून मोती आठवतो, तेव्हा हिला माणकाचे नाव मिळाले.

आता कोणताही मोठा प्रोग्राम एका फाइलीत मावत नाही. हिशेबाची फाइल वेगळी, तारखांची वेगळी, छपाईची वेगळी. एका फाइलीला दुसरीची गरज लागली, की रूबीत दोन आज्ञा आहेत. एक 'लोड', दुसरी 'रिक्वायर'. लोड म्हणजे जितक्या वेळा सांगाल तितक्या वेळा फाइल आणून वाचणे. रिक्वायर म्हणजे आधी वाचली नसेल तरच वाचणे. त्यासाठी रूबी दोन याद्या बाळगते. पहिली, कुठे शोधायचे त्या जागांची. तिला 'लोड पाथ' म्हणतात. दुसरी, काय काय वाचून झाले त्याची. पहिली यादी म्हणजे कपाटांचा क्रम, दुसरी म्हणजे हजेरीपट, असे म्हणा ना.

कपाटांचा क्रम असा. प्रोग्राम चालवताना तुम्ही मुद्दाम सांगितलेल्या जागा सर्वांत आधी. मग त्या संगणकावर मागाहून बसवलेल्या लायब्रऱ्यांच्या जागा. त्यानंतर रूबीबरोबर आलेला मूळ संग्रह. आणि सर्वांत शेवटी, पूर्वीच्या काळी, एक टिंब. हे टिंब लक्षात ठेवा. पुढे त्याची मोठी गोष्ट आहे.

सुरुवातीच्या दिवसांत कोणी नवी लायब्ररी लिहिली, की ती एका सामाईक फोल्डरात नेऊन ठेवत. लायब्रऱ्या थोड्या होत्या तोवर निभावले. पण दोघांनी आपापल्या फाइलीला एकच नाव दिले म्हणजे? पहिली सापडली ती खरी; दुसरी असून नसल्यासारखी. आणि जुन्या आवृत्तीवर नवी ठेवली, की जुनीच्या भरवशावर चालणारा प्रोग्राम बसलाच खाली! यातूनच एक शिस्त रुजली. आपल्या फायली 'लिब' नावाच्या फोल्डरात ठेवायच्या. तिथे वरच्या बाजूला लायब्ररीच्या नावाची एकच फाइल, आणि बाकी सगळ्या फायली त्याच नावाच्या आतल्या फोल्डरात. म्हणजे घराण्याचे आडनाव लागल्याशिवाय कोणी चव्हाट्यावर यायचे नाही.

पुढची पायरी आली २००३ साली. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरी रूबीच्या लोकांची परिषद भरली होती. तिथे चॅड फाउलर, जिम वाइरिक, रिचर्ड किल्मर, डेव्हिड ब्लॅक आणि पॉल ब्रॅनन यांनी रूबीजेम्स या व्यवस्थेचे काम सुरू केले. १४ मार्च २००४ रोजी ती लोकांच्या हाती आली. जेम म्हणजे रत्न. एक लायब्ररी म्हणजे एक रत्न. तिने काय केले? प्रत्येक लायब्ररीला, आणि लायब्ररीच्या प्रत्येक आवृत्तीला, स्वतंत्र फोल्डर दिला. जुनी आवृत्ती इथे, नवी शेजारी. रिक्वायरने एखादी फाइल मागितली आणि ती यादीत सापडली नाही, तर रूबीजेम्स ती फाइल असलेले रत्न शोधते आणि त्याचा लिब फोल्डर यादीत घालते. यादी हाताने लिहिण्याचे काम पुष्कळसे संपले.

पण टिंब अजून तिथेच होते. संगणकाच्या भाषेत एकटे टिंब म्हणजे 'मी या घटकेला उभा आहे तो फोल्डर'. सोय मोठी! शेजारची फाइल नाव घेतल्याबरोबर सापडे. मग बिघडले कुठे?

एक तर, मी कुठे उभा आहे यावर प्रोग्रामचे चालणे अवलंबून राही. त्याच फोल्डरात उभे राहून चालवला तर चाले; एक पायरी वर जाऊन चालवला, की फाइल सापडत नाही म्हणून अडे. फायली तिथेच होत्या, एक अक्षरही बदलले नव्हते. पत्ता सांगताना "माझ्या डाव्या हाताला" म्हणावे, तसा हा प्रकार. बोलणारा वळला, की पत्ता फिरला.

दुसरी अडचण अधिक गंभीर. समजा, तुमचा विश्वासाचा प्रोग्राम एखादी जोडलायब्ररी 'असली तर घ्यावी' म्हणून शोधतो आहे. तुमच्याकडे ती नाही. रूबी सगळ्या जागा धुंडाळून शेवटी टिंबाशी येते. आणि तुम्ही त्या वेळी उभे आहात कुणी परक्याने पाठवलेल्या फोल्डरात. त्याने नेमक्या त्या नावाची फाइल तिथे ठेवली असेल तर? ती वाचली जाईल, चालेल, आणि तुमच्या सगळ्या अधिकारांनिशी चालेल. टिंब यादीत शेवटी असल्यामुळे निरुपद्रवी वाटण्यासारखे होते. पण चोर सगळी दारे पाहून जे उघडे असेल त्यानेच आत येतो.

म्हणून १८ ऑगस्ट २०१० रोजी निघालेल्या १.९.२ या आवृत्तीतून हे टिंब काढून टाकले. पुष्कळ जुने प्रोग्राम त्या दिवसापासून अडले. पण 'रिक्वायर रिलेटिव्ह' ही आज्ञा त्यांच्या मदतीला होती. ही आज्ञा ज्या फाइलीत लिहिली आहे, त्या फाइलीपासून ती अंतर मोजते. तुम्ही घरात असा, शेतात असा, फाइलीचा उंबरा काही हलत नाही. पर्ल भाषेनेही आपल्या यादीतून हेच टिंब २०१७ साली काढले.

त्याच १.९ च्या काळात हजेरीपटही सुधारला. आधी फाइल ज्या नावाने मागितली ते नाव पटावर चढे. एकाच मुलाला एकदा 'गणपत' आणि एकदा 'पाटलांचा गणपत' म्हणून हाक मारावी आणि पटावर दोन मुले लागावीत, तसे होई. एकच फाइल दोनदा वाचली जाई आणि आतल्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. आता पटावर पूर्ण पत्ता लिहितात.

राहिला प्रश्न आवृत्त्यांचा. माझ्या संगणकावर एक आवृत्ती, तुमच्यावर दुसरी. मग माझा चाललेला प्रोग्राम तुमच्याकडे चालेलच असे नाही. यावर येहुदा कॅट्झ आणि कार्ल लर्के यांच्या खटपटीतून बंडलर निघाले, त्याची १.० आवृत्ती २०१० सालचीच. आपल्याला काय हवे ते जेमफाइलीत लिहावे. बंडलर सगळ्यांचे जमेल अशा आवृत्त्या ठरवतो आणि कुलूप लावलेल्या दुसऱ्या फाइलीत त्या टिपून ठेवतो. ती फाइल बरोबर दिली, म्हणजे सगळ्यांकडे त्याच आवृत्त्या.

अर्थात यादी लांबली, की वेळ लागणारच. दोनशे जागा असतील आणि पाचशे फायली मागितल्या, तर वाईटात वाईट एक लाख वेळा डोकावावे लागेल. त्यावर २०१७ साली बूटस्नॅप आले. एकदा सापडलेली जागा ते लक्षात ठेवते. आणि झेवियर नोरिया यांच्या झाइटवर्कने, २०१९ च्या रेल्स ६ पासून, नावावरूनच फाइल ओळखण्याची रीत पक्की केली. नाव आणि जागा जुळवून ठेवा, रिक्वायर लिहूच नका.

गुरुजनहो, मुलांना रूबी शिकवाल, तर पहिल्याच दिवशी तीन सवयी लावा. आपल्या फायली लिबमध्ये ठेवा. शेजारच्या फाइलीसाठी रिक्वायर रिलेटिव्ह वापरा. कुलूपबंद फाइल प्रोग्रामबरोबरच द्या. आणि एखादा मुलगा म्हणाला, "फाइल तर समोर दिसतेय, मग सापडत का नाही?" तर त्याला रागावू नका. त्याला ती यादी छापून पाहायला सांगा. संगणक तुमच्या डोळ्यांनी पाहत नाही, यादीप्रमाणे पाहतो. ज्याने यादी लिहिली, त्याने कोणती फाइल चालायची तेही ठरवले. म्हणून ती आपली आपण वाचावी.