श्लेष्मकला-संरक्षण, जठर व ग्रहणी

जठर आणि लहान आतड्याचा पहिला भाग म्हणजे ग्रहणी, यांच्या आतील अस्तराला अम्ल, पेप्सीन, मद्य, औषधे व जंतू यांच्यापासून होणारी इजा रोखणारी आणि झालेली इजा भरून काढणारी शरीराची व्यवस्था. जठररसातील हायड्रोक्लोरिक अम्लामुळे पोटातील सामू १ ते २ इतका खाली जातो. त्यातच मांस पचवणारे पेप्सीन असते. तरीही निरोगी जठर स्वतःला पचवत नाही. हे कोडे जॉन हंटर याने १७७२ मध्ये मांडले. मृत्यूनंतर जठराची भिंत काही वेळा आपल्याच रसाने विरघळलेली त्याला आढळली होती. रस तोच आणि भिंतही तीच असताना जिवंतपणी ती टिकते, याचा अर्थ संरक्षण हे जिवंत ऊतींनी सतत करायचे काम आहे. पचनज व्रण समजून घेताना हाच मुद्दा निर्णायक ठरतो. हल्ला किती तीव्र आहे यापेक्षा हे काम चालू आहे की बंद पडले आहे, यावर इजा बहुधा अवलंबून असते. अमरावती-अकोला भागात पोटातल्या आगीचे खापर सहसा ठेच्यावर आणि झणझणीत रश्श्यावर फुटते. त्या समजुतीची तपासणी याच कसोटीवर करायला हवी.

संरक्षणाची पहिली फळी म्हणजे श्लेष्माचा चिकट थर. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते. पृष्ठभागावरील कोशिका या थरात बायकार्बोनेट सोडतात. त्यामुळे पोकळीच्या बाजूला सामू २ असला तरी कोशिकांलगत तो ७ च्या आसपास राहतो. म्हणजे एवढ्या पातळ थरात अम्लाची तीव्रता सुमारे एक लाख पटींनी उतरते. यावर एक रास्त शंका निघते. जठर जितके अम्ल तयार करते त्याच्या मानाने बायकार्बोनेट फारच थोडे पाझरते, मग ते पुरते कसे? सगळे अम्ल निष्प्रभ करण्याची गरजच नसते, हे त्याचे उत्तर. श्लेष्मा ढवळला जात नसल्याने बायकार्बोनेट त्यातच अडकून राहते आणि त्याला आत झिरपणाऱ्या तेवढ्याच अम्लाशी सामना करावा लागतो. पेप्सिनाचा मोठा रेणू हा थर सहज ओलांडू शकत नाही. तो थर वरून कुरतडतो आणि खालून नवा श्लेष्मा येत राहतो. ग्रहणीत ब्रुनर ग्रंथींचा अल्कधर्मी श्लेष्मा मिळतो. शिवाय अम्ल तेथे पोहोचताच सिक्रेटिन हे संप्रेरक स्वादुपिंडाकडून बायकार्बोनेटयुक्त रस मागवून घेते. बेलिस व स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये लावलेला हा शोध संप्रेरकशास्त्राचा आरंभ मानला जातो.

दुसरी फळी कोशिकांची. त्या परस्परांना घट्ट चिकटलेल्या असतात आणि काही दिवसांतच झडून त्यांच्या जागी नव्या येतात. वरवर खरचटले, तर नव्या कोशिका जन्मण्याची वाटही पाहावी लागत नाही. कडेच्या शाबूत कोशिका सरकत येऊन उघडी जागा तासाभरात झाकतात. या सगळ्याला रक्तपुरवठा लागतो. आत शिरलेले अम्ल रक्त वाहून नेते आणि बायकार्बोनेटही पुरवते. अम्ल झिरपल्याची वर्दी संवेदी चेतातंतू देतात व रक्तवाहिन्या रुंदावतात. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या किंवा अतिरक्तस्रावाने खचलेल्या रुग्णाला एकाएकी व्रण होतात. त्यांतील बहुतेकांत अम्ल वाढलेले नसते, अस्तराचा रक्तपुरवठा घटलेला असतो. तिसरा घटक प्रोस्टाग्लँडिनांचा. श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि रक्तप्रवाह या तिन्ही गोष्टी ती वाढवतात. १९७९ मध्ये आंद्रे रॉबर्ट यांनी उंदरांना आधी प्रोस्टाग्लँडिन दिले, तेव्हा शुद्ध अल्कोहोलनेही अस्तरात खोलवर ऱ्हास झाला नाही. अम्ल न घटवणाऱ्या मात्रेतही हे संरक्षण मिळाले, हा त्या प्रयोगाचा सर्वांत मोलाचा भाग होता.

आता मिरचीकडे. वऱ्हाडात ज्वारीच्या भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा नित्याचा आणि वरूड तालुक्यातील राजुरा बाजार तर मिरचीच्या बाजारासाठीच ओळखला जातो. मिरचीतील कॅप्सायसीन संवेदी चेतातंतूंवरील ज्या ग्राहकावर काम करते तोच ग्राहक चटक्याची उष्णताही ओळखतो. म्हणून ठेचा खाल्ल्यावर होणारी आग खरी असते, पण ती संवेदना आहे; ऊती जळाल्याचा तो पुरावा नव्हे. उलट, तेच चेतातंतू चेतवले गेल्याने अस्तराचा रक्तप्रवाह वाढतो. १९८८ मध्ये डेव्हिड ग्रॅहम व सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या जठरात तिखट जेवणानंतर दुर्बिणीने पाहिले. तिखटाने जवळपास काहीच बिघडले नव्हते. ॲस्पिरिनबरोबर घेतलेल्या साध्या जेवणानंतर मात्र अनेक ओरखडे दिसले. सिंगापूरमधील १९९५ च्या प्रयोगात ॲस्पिरिनच्या अर्धा तास आधी तिखटाची पूड घेणाऱ्यांना तुलनेने कमी इजा झाली. याविरुद्धही पुरावा आहे आणि तो टाळता येत नाही. एका प्रयोगात लाल तिखट व मिरी थेट जठरात सोडल्यावर सूक्ष्म रक्तस्राव आणि कोशिकांची झड वाढलेली आढळली. प्राण्यांना कॅप्सायसीन अतिमात्रेत दिल्यास संवेदी तंतू बधिर होऊन संरक्षण उलट ढासळते. व्रण आधीच असेल, किंवा व्रणाविनाच अपचनाचा त्रास असेल, तर तिखटाने दुखणे वाढू शकते आणि अशा माणसाने ते कमी करणे शहाणपणाचे आहे. एवढे मान्य करूनही रोजच्या जेवणातले तिखट निरोगी अस्तरात व्रण पाडते, असा निष्कर्ष यातून निघत नाही.

खरे आरोपी दोन आणि दोघेही संरक्षणावरच घाव घालतात. पहिला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो पर्थ येथे वेगळा करून दाखवला आणि २००५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. भारतात त्याची लागण बहुधा लहानपणीच होते आणि ती सर्रास आढळते. तो श्लेष्मातच वस्ती करतो व अस्तराला जुनाट सूज आणतो. बहुतेकांना तरीही व्रण होत नाही, यावरून राखीव संरक्षण किती भक्कम असते ते कळते. दुसरा आरोपी वेदनाशामक गोळी. निंदण आणि कापूस-वेचणीच्या हंगामात कंबर-गुडघे धरले, की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी अनेकांच्या सवयीची होते. ही औषधे प्रोस्टाग्लँडिने बनवणारे विकर रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. त्यातच वेदना थांबण्याचे व पोट बिघडण्याचे समान मूळ आहे. ‘उपाशीपोटी घेतली नाही म्हणजे झाले’ हा समज म्हणूनच अपुरा ठरतो. जेवणामुळे गोळीचा थेट स्पर्श सौम्य होतो, पण औषध रक्तातून पुन्हा अस्तरापर्यंत पोहोचतेच. सुई टोचून घेतल्यानेही हा धोका टळत नाही. मेळघाटातील मोहाची असो की बाटलीतली, कडक दारू श्लेष्माचा थर भेदून अस्तराला इजा करते. गोळी आणि दारू एकत्र आल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मोठा आक्षेप असा, की अम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या औषधांनी व्रण भरतात, तेव्हा दोष अम्लाचाच असला पाहिजे. अम्लाविना पचनज व्रण होत नाही, हे सूत्र १९१० पासून प्रचलित आहे आणि ते बव्हंशी खरे आहे. पण आवश्यक कारण आणि पुरेसे कारण यांत फरक असतो. जठरव्रणाच्या अनेक रुग्णांत अम्ल सामान्य किंवा त्याहून कमी असते. ग्रहणीव्रणात ते काहींमध्ये वाढलेले असते, पण त्या वाढीमागेही बहुधा जंतूच असतो. केवळ अतिरिक्त अम्लाने व्रण पाडणारा झोलिंजर-एलिसन विकार दुर्मिळ आहे. अम्लरोधक औषध दुबळ्या झालेल्या अस्तराला सावरायला उसंत देते. जंतू तसाच राहिला तर भरलेला व्रण वारंवार उलटतो. प्रतिजैविकांनी त्याचे निर्मूलन केल्यावर हे उलटणे फारच क्वचित घडते.

यावरून उपचाराचा क्रम ठरतो. व्रणाची शंका असलेल्या रुग्णाला आधी चालू गोळ्यांबद्दल विचारावे, जंतूची तपासणी करावी, दारू व तंबाखू थांबवण्यास सांगावे. पथ्याची पाळी त्यानंतर येते. वेदनाशामक टाळणे शक्यच नसेल तर सोबत अम्लरोधक औषध देतात. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. ताटातला ठेचा सोडून खिशातली गोळी चालू ठेवणाऱ्या रुग्णाने त्रासाची खूण तेवढी दूर केलेली असते, कारण जसेच्या तसे राहिलेले असते.