इमादशाही वऱ्हाड : अचलपूर, गाविलगड आणि चिखलदरा

सुट्टीत मुलांना फिरायला न्यायचं म्हटलं की आपल्याकडे हैदराबाद, अजमेर नाहीतर मलेशियाचं नाव निघतं. पण नागपूरपासून चार-पाच तासांवर एका सल्तनतीची राजधानी होती, हे मुलांना शाळेत फारसं कळत नाही.

इतिहास : बहमनी सल्तनत फुटली तेव्हा 1490 मध्ये फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क यांनी वऱ्हाडात इमादशाही सुरू केली. त्यांचा जन्म विजयनगरकडच्या हिंदू घरातला. लहानपणी कैद होऊन ते वऱ्हाडात आले, मुसलमान झाले आणि पुढे सुलतान. 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने हे राज्य घेतलं. पुढे मोगल आले, मग निजाम.

अचलपूर : जुनं नाव एलिचपूर. हजरत दुल्हा शाह रहमान गाजी यांच्या दर्ग्यावर जियारतीला हिंदू-मुस्लिम दोघेही येतात. गावाबाहेर तलावात हौज कटोरा ही आठ बाजूंची तीन मजली इमारत उभी आहे.

गाविलगड : अहमदशाह वली बहमनी यांनी 1425 च्या सुमारास बांधला. फतहुल्लाह यांनी दुरुस्त केला. दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. ही दक्षिणेतली खूण. आत पडझड झालेली जामा मशीद आहे. शेवटी किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे होता. 15 डिसेंबर 1803 ला तो इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने जिंकला. याच वेलस्लीने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं.

चिखलदरा : उंची सुमारे 1,100 मीटर, थंड हवा, कॉफीची झाडं. पंचबोल पॉइंटला हाक मारा, दऱ्यांतून उत्तर येतं. भोवती मेळघाटचं वाघांचं जंगल आणि कोरकू लोकांची गावं.

कसं जावं : नागपूर ते अमरावती सुमारे 150 किमी, तिथून परतवाडा 50, पुढे घाटाने चिखलदरा 30. अचलपूर परतवाड्याला लागूनच आहे. दोन दिवस पुरतात. पावसाळ्यात धुकं असतं, म्हणून घाट उजेडातच चढा. किल्ल्यावर पाणी, नाश्ता सोबत न्या.

एक विनंती. मशिदीच्या आणि किल्ल्याच्या भिंतींवर नावं कोरलेली दिसतात, त्यात आपल्या मुलांची भर पडू देऊ नका. जुन्या मशिदीत चपला काढून जा, कचरा परत आणा. हा वारसा आपलाही आहे, आपणच जपला नाही तर पुढच्या पिढीला फक्त दगड दिसतील.