विस्तव आणि काडेपेटी



“त्या दोघांमध्ये विस्तव जात नाही,” असे आपण भाऊबंदकीविषयी बोलताना सहज म्हणून जातो. वैराचा आणि विस्तवाचा संबंध तो काय, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, तेव्हा नुसत्या शब्दार्थाने त्याचे समाधान होत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या वाक्प्रचाराचे उत्तर चुलीपाशी आहे. काडेपेटी घरोघर पोचली नव्हती तेव्हा घरातील विस्तव विझला, म्हणजे शेजारच्या चुलीतून निखारा आणावा लागे. गोवरीच्या तुकड्यावर तो ठेवून, वाऱ्यापासून जपत, गृहिणी लगबगीने घरी येई. विस्तव मागण्यापुरतेही येणेजाणे जेथे उरले नाही, तेथे वैर पराकोटीस गेले असेच समजावयाचे.

रात्री निजण्यापूर्वी चुलीतील निखारे राखेने झाकणे हे त्या काळी दाराला कडी घालण्याइतकेच नित्याचे काम होते. राखेखाली हवा बेताची पोचते, म्हणून निखारा धुमसत राहतो आणि सकाळी फुंकणीने फुलविता येतो. हे शास्त्र कोणा पंडिताने शोधून काढलेले नाही. ते बायकांनी आपसांत चालविलेले शास्त्र होय. गाडीवान, धनगर, वाटसरू यांची सोय निराळी. त्यांच्या बटव्यात पोलादाची चकमक, गारगोटी आणि थोडा कापूस असे. ठिणगी कापसावर पडली की फुंकर घालावयाची. पावसाळ्यात कापूस सर्दावला म्हणजे या खटपटीत किती वेळ जाई, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

आता थोडे विलायतेकडे वळू, कारण काडीचा जन्म तिकडचा. इंग्लंडात स्टॉक्टन नावाच्या गावी जॉन वॉकर हा औषधविक्रेता होता. पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड यांचे मिश्रण टोकाला लावलेली काडी खरखरीत कागदात घासली की पेटते, असे त्याला आढळले, आणि 1827 च्या एप्रिलपासून अशा काड्या विकल्याची नोंद त्याच्या वहीत सापडते. या शोधाचे पेटंट त्याने घेतलेच नाही. पुढे 1830 च्या सुमारास फ्रान्समध्ये शार्ल सोरिया याने मिश्रणात पांढरा फॉस्फरस घातला. हे द्रव्य 1669 साली हँबर्गच्या हेनिंग ब्रांट या किमयागाराने मूत्र आटवून काढले होते. त्याला हवे होते सोने. हाती आले अंधारात चमकणारे फॉस्फरस! फॉस्फरसाची काडी भिंतीवर, दगडावर, जोड्याच्या तळव्यावर, कोठेही घासली तरी पेटे. लोकांना तीच आवडली आणि अनर्थही तेथूनच सुरू झाला.

कारखान्यातील वाफा श्वासाबरोबर आत जाऊन कामकरी माणसांच्या जबड्याचे हाड कुजू लागे. आरंभी दात दुखे, मग हिरडी सुजे, पू होई, आणि पुष्कळदा जबडा कापून काढावा लागे. व्हिएन्नाच्या लोरिन्सर या डॉक्टरने 1845 सालीच या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. म्हणजे अज्ञानाची सबब फार दिवस चालण्यासारखी नव्हती.

शिवाय उपायही दूर नव्हता. व्हिएन्नाच्याच श्रोटर याने तांबडा फॉस्फरस सिद्ध केला होता. तो हवेत आपोआप पेटत नाही आणि त्याच्या विषारी वाफा होत नाहीत. स्वीडनमध्ये गुस्ताफ पाश याच्या नावाशी जोडलेली युक्ती तर इतकी साधी की तिचे कौतुक वाटते: फॉस्फरस काडीवर न लावता पेटीच्या कडेवर लावावयाचा. काडी आणि पेटी वेगळ्या आहेत तोवर दोन्ही निरुपद्रवी! यॉनशॉपिंग गावच्या लुंडस्ट्रम बंधूंनी ही पेटी बाजारात आणली व 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तिला बक्षीस मिळाले. तरीही जुनी काडी पन्नास वर्षे तगली. कारण काय? ती स्वस्त पडे, आणि ती पेटविण्यास पेटीची गरज लागत नसे. दोन दिडक्यांच्या सोयीपुढे दुसऱ्याच्या जबड्याची किंमत ती केवढी!

1888 साली लंडनमधील ब्रायंट आणि मे यांच्या कारखान्यात सुमारे चौदाशे मुली व स्त्रिया संपावर गेल्या. होमरूल चळवळीमुळे पुढे आपल्या परिचयाच्या झालेल्या अ‍ॅनी बेझंट यांनी त्या वर्षीच्या जूनमध्ये त्यांच्या तुटपुंज्या वेतनावर व दंडावर एक जळजळीत लेख लिहिला होता. लेखातील मजकूर खोटा आहे अशा कागदावर मालकांनी सह्या मागितल्या. मुलींनी दिल्या नाहीत. जुलैमध्ये संप होऊन दंड रद्द झाले. पांढरा फॉस्फरस मात्र त्या कारखान्यातून 1901 साली गेला. 1906 साली बर्न येथे अनेक राष्ट्रांनी त्याच्या बंदीचा करार केला, आणि हिंदुस्थानात तसा कायदा झाला तो 1913 साली.

आपल्याकडे काडी प्रथम परदेशातूनच आली, आधी मुख्यतः स्वीडनची आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात जपानची. 1922 साली परदेशी काड्यांवर एका ग्रोसला, म्हणजे 144 पेट्यांना, दीड रुपया जकात बसली. देशी धंदा वाढावा ही अपेक्षा. परंतु जकातीची भिंत उभी राहिलेली पाहून स्वीडिश कंपनीनेच भिंतीच्या आत येऊन 1923 साली येथे ‘विमको’ काढली. मुंबईजवळ अंबरनाथ येथे तिचा कारखाना होता. याच सुमारास शिवकाशीचे अय्या नाडार व षण्मुग नाडार हे दोघे तरुण कलकत्त्यास जाऊन काड्या करण्याचे काम शिकून आले, आणि त्या कोरडवाहू मुलखात घरोघर हातकाम सुरू झाले. मोठ्या यंत्रांपुढे हा हातधंदा टिकला, ही गोष्ट अभिमानाची. मात्र त्या हातांमध्ये पुष्कळ हात लहान मुलांचे होते, हेही शिक्षक या नात्याने सांगितलेच पाहिजे. 1986 च्या कायद्याने काडेपेटीच्या कामास मुले लावण्यास मनाई केली, तेव्हा लंडनच्या संपाला 98 वर्षे होऊन गेली होती.

हातातील पेटी एकदा नीट न्याहाळून पाहावी. तपकिरी पट्टीत तांबडा फॉस्फरस व काचेची पूड आहे. काडीच्या गुलात क्लोरेट व गंधक. घासताच उष्णतेने तांबड्या फॉस्फरसाचा अगदी सूक्ष्म अंश क्षणभर पांढरा होतो आणि भडकतो. ज्याने इतके जबडे खाल्ले, तो असा क्षणापुरता अजून पेटीत येऊन जातो. गुलापासून ज्योत पुढे सरकावी म्हणून काडी मेणात बुडविलेली असते. फुंकल्यावर तिचा निखारा राहू नये म्हणून लाकडाला आधी अमोनियम फॉस्फेटचे पाणी पाजलेले असते. राखेखाली निखारा जपणाऱ्या आजीबाईंना ही उलटी काळजी ऐकून हसू आले असते.

गॅसची शेगडी आली आणि पुष्कळ घरांतून काडीही मागे पडली. लायटरच्या आत एक छोटा हातोडा विशिष्ट स्फटिकद्रव्यावर आपटतो आणि त्या आघाताने विजेची ठिणगी उडते. दाबाने स्फटिकात वीज उत्पन्न होते, हा शोध 1880 साली पिएर व जाक क्युरी या बंधूंनी लावला. गाडीवानाच्या चकमकीचाच हा नवा अवतार म्हणावा. मात्र या ठिणगीने समई लागत नाही, निरांजनही नाही. त्यासाठी 2021 च्या डिसेंबरात एका रुपयाची दोन रुपये झालेली काडेपेटी देवघराच्या कोनाड्यात असते, आणि नेमक्या सणाच्या दिवशी ती रिकामी निघाली, तर मूल अजूनही शेजारी धावते.