कॅनरी पक्षी, खाणीतील
कॅनरी हा गायनासाठी पिंजऱ्यात पाळला जाणारा पक्षी. त्याच्या वर्तनातील बदल वेळीच ओळखण्यावर ब्रिटनमधील कोळसा खाणकामगारांचे प्राण दीर्घकाळ अवलंबून होते. १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउन येथील खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार मृत्यू पावले. शरीरक्रियावैज्ञानिक जॉन स्कॉट हॉल्डेन (१८६०–१९३६) यांनी मृतदेह तपासले, तेव्हा बहुतेकांचा मृत्यू स्फोटाच्या आघाताने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडाने झाल्याचे आढळले. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने माणसास त्याची चाहूल लागत नाही. लहान प्राण्यांचा चयापचय जलद असल्याने त्यांच्यावर विषाचा परिणाम आधी दिसतो. म्हणून असे प्राणी खाणीत बरोबर न्यावेत, असे हॉल्डेन यांनी सुचविले. उंदरापेक्षा कॅनरी अधिक सोयीचा ठरला; कारण तो दांडीवर डोलू लागला वा खाली कोसळला, तर ते चटकन दिसे व कामगार माघारी फिरत. पुढे ऑक्सिजनाचे नळकांडे जोडलेले पिंजरे निघाले. त्यांत बेशुद्ध पक्ष्यास शुद्धीवर आणता येई. कामगारांचा या पक्ष्यांवर जीव जडलेला असे. तथापि माणसास इशारा मिळण्यासाठी आधी पक्ष्यासच विषबाधा व्हावी लागे. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनीय वायुशोधक वापरण्याचे ठरले.