जुन्या टर्बो गाडीत हीटेड ऑक्सिजन सेन्सर कसा जोडतात?

यूट्यूबवर अमेरिकन प्रोजेक्ट कारचे व्हिडिओ बघत असाल तर एक काळीकुट्ट, चौकोनी गाडी नक्की दिसली असेल: ब्युइक ग्रँड नॅशनल. ३.८ लिटरचं व्ही-६ इंजिन, टर्बो, १९८६ पासून इंटरकूलरही, आणि १९८७ च्या मॉडेलला कंपनीने सांगितलेली ताकद २४५ हॉर्सपॉवर. या गाडीच्या मालकांमध्ये एक छोटं काम फार चालतं. मूळचा एक वायरवाला ऑक्सिजन सेन्सर काढायचा आणि त्या जागी तीन किंवा चार वायरवाला, आतच हीटर असलेला सेन्सर बसवायचा. हे काम का करतात, वायरिंग कसं असतं आणि कुठे गडबड होते, ते या लेखात बघू. उदाहरण ब्युइकचं घेतलंय, पण १९८० च्या दशकातल्या बहुतेक पेट्रोल टर्बो गाड्यांना यातलं बरंचसं लागू पडतं.

सेन्सर नेमकं काय सांगतो?

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे झिर्कोनियाच्या सिरॅमिकची एक टोपी. टोपीच्या बाहेरून एक्झॉस्टचा धूर जातो, आतल्या बाजूला साधी हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या प्रमाणात फरक असला की सिरॅमिक स्वतःच व्होल्टेज तयार करतं. धुरात ऑक्सिजन जवळपास नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त पडत असेल (याला रिच म्हणतात), तर साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरला असेल (म्हणजे लीन), तर ०.१ ते ०.२ व्होल्ट. मधली उडी एकदम होते, ती पेट्रोलच्या १४.७ ला १ या हवा-इंधन प्रमाणाच्या आसपास. गाडीचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम ०.४५ व्होल्टची रेषा धरतो. वर गेलं की पेट्रोल किंचित कमी, खाली आलं की किंचित जास्त. हे सतत चालू राहतं. कोडिंग करणाऱ्यांना हा साधा फीडबॅक लूप लगेच कळेल, आणि याचं नावही तेच आहे: क्लोज्ड लूप.

हीच कल्पना तुमच्या बीएस-६ स्कूटरच्या सायलेन्सर पाइपमध्येही आहे, फक्त आकार लहान. गाडीत ती पहिल्यांदा आणली व्होल्वोने, १९७६ मध्ये, अमेरिकेत विकायच्या गाड्यांसाठी. सेन्सर बॉशचा होता. आतून गरम होणारा सेन्सर बॉशने १९८२ मध्ये आणला.

मग हीटर कशाला?

झिर्कोनिया थंड असताना काहीच बोलत नाही. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावरच त्यातून विश्वासार्ह व्होल्टेज मिळतं. साध्या गाडीत सेन्सर इंजिनला लागूनच असतो, धूर त्याला तापवत राहतो. टर्बो गाडीत मात्र सेन्सर टर्बोच्या मागे, डाउनपाइपकडे असतो. टर्बो धुरातली उष्णता आणि दाब वापरूनच फिरतो, शिवाय त्याचं जाडजूड लोखंडी घर बरीच उष्णता खातं. म्हणजे सेन्सरपर्यंत पोचेपर्यंत धूर बराच निवलेला असतो.

गाडी पळत असेल तर फरक पडत नाही. सिग्नलला पाच मिनिटं उभी राहिली की सेन्सर गार पडतो आणि त्याचं व्होल्टेज ०.४५ जवळ येऊन चिकटतं, कारण ते ईसीएमनेच दिलेलं बायस व्होल्टेज असतं. ईसीएमच्या आतलं लॉजिक साधारण असं: इंजिनचं पाणी पुरेसं गरम आहे का, सुरू होऊन ठरलेला वेळ झालाय का, आणि सेन्सर खरंच वर-खाली होतोय का? तिसरी अट तुटली की तो ओपन लूपमध्ये जातो, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल टाकतो. आयडल हलायला लागतो, पेट्रोलचा वास येतो, मालक मात्र इंजेक्टरवर संशय घेतो. मोठा डाउनपाइप बसवून सेन्सर आणखी मागे नेला असेल तर त्रास वाढतो. हीटर हा प्रश्न मुळातूनच सोडवतो.

वायरी ओळखणं

तीन वायरच्या सेन्सरमध्ये दोन वायरी हीटरच्या आणि एक सिग्नलची असते. सिग्नलचं ग्राउंड सेन्सरच्या बॉडीतून, म्हणजे एक्झॉस्ट पाइपमधून जातं. चार वायरमध्ये सिग्नलच्या ग्राउंडसाठी वेगळी वायर असते. बॉशच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी सिग्नल ग्राउंडची. हीटरच्या दोन पांढऱ्यांना प्लस-मायनस नसतं, कोणतीही कुठेही लावा. मात्र प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात, म्हणून रंगावर भिस्त ठेवू नका. मल्टिमीटर ओहमवर ठेवून बघा: थंड सेन्सरच्या ज्या दोन वायरींमध्ये काही ओहमच येतात त्या हीटरच्या. सिग्नलच्या वायरीवर ओहम मोजायला जाऊ नका. तिथे फक्त व्होल्टेज मोजायचं, तेही डिजिटल मीटरने. जुना काट्याचा मीटर सेन्सरवरच भार टाकतो आणि आकडा खोटा येतो.

गाडीच्या बाजूला, त्या काळच्या जीएमच्या वायरिंगमध्ये ऑक्सिजन सेन्सरची सिग्नल वायर जांभळी आणि ईसीएमची सेन्सर-ग्राउंड वायर फिकट तपकिरी असते; ती इंजिनला बोल्टने जोडलेली असते. चाळीस वर्षांत गाडीत कोणी काय काय जोडलंय सांगता येत नाही, तेव्हा ईसीएमच्या कनेक्टरपासून कंटिन्युइटी तपासूनच पुढे जा.

तीन की चार? माझं मत चार. टर्बो गाडीत सेन्सर आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बो, गॅस्केट, गंज, कधी कधी सीलंट, असं सगळं येतं. एवढ्या सांध्यांतून मिलिव्होल्टचा सिग्नल नीट जाईल ही अपेक्षा जरा जास्तच आहे. चौथी वायर त्या तपकिरी वायरच्या जागेवरच, इंजिनवर जोडायची.

हीटरला करंट कुठून द्यायचा

खरी चूक इथे होते. हीटर साधारण १२ ते १८ वॉटचा असतो, म्हणजे चालू असताना एक-दीड अँपिअर. थंड असताना रोध कमी असतो, त्यामुळे सुरुवातीचे काही सेकंद ३-४ अँपिअरपर्यंतही जातो. आकडा छोटा वाटतो, म्हणून लोक जवळ दिसेल ती वायर कापून जोडतात. बऱ्याचदा ती फ्युएल पंपाची असते, कारण "इंजिन चालू असतानाच करंट" ही अट ती आयती पूर्ण करते.

अट बरोबर आहे. चावी ऑन पण इंजिन बंद अशा वेळी हीटर चालू राहिला तर बॅटरी उतरते. शिवाय तापलेल्या सिरॅमिकवर पाइपमध्ये साचलेलं पाणी उडालं तर ते तडकू शकतं. पण पंपाच्या वायरमधून हीटरचा करंट ओढणं टर्बो गाडीत धोक्याचं आहे. व्होल्टेज घसरलं की पंप कमी पेट्रोल देतो. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो पूर्ण जोरात असताना, पेट्रोल कमी पडलं तर नॉक होतो आणि हेड गॅस्केट किंवा पिस्टन जातो. पेट्रोलची काळजी घ्यायला बसवलेला सेन्सरच इंजिन मारतोय, असा प्रकार.

म्हणून रिले. नेहमीचा चार पायांचा ऑटोमोबाइल रिले चालतो. ३० नंबरला बॅटरीपासून थेट वायर, बॅटरीजवळच साडेसात अँपिअरचा फ्यूज लावून. ८७ वरून हीटरची एक वायर. हीटरची दुसरी वायर बॉडी ग्राउंडला. ८५ ग्राउंडला, आणि ८६ ला ट्रिगर, जो पंपाच्या रिलेच्या आउटपुटवरून घेता येतो. रिलेची कॉइल साधारण ०.१५ अँपिअर घेते, त्याने पंपाला काही होत नाही. फक्त या ट्रिगरच्या वायरवरही १ अँपिअरचा छोटा फ्यूज टाका. ती वायर कुठे घासून ग्राउंडला लागली तर पंपाचा मोठा फ्यूज उडण्याआधी हा उडाला पाहिजे. आत डायोड असलेला रिले घेतला असेल तर ८५-८६ उलटे लावू नका. साध्या रिलेत ते चालून जातं, यात नाही. वायर १८ गेजची पुरते.

आता ग्राउंड. हीटरचं ग्राउंड आणि सेन्सरचं ग्राउंड एकाच बोल्टखाली दाबायचा मोह होतो, कारण एकच भोक पाडावं लागतं. हिशोब करून बघा. तो बोल्ट गंजून ०.१ ओहमचा झाला आणि त्यातून हीटरचा १ अँपिअर गेला, तर तिथे ०.१ व्होल्ट चढतो. ईसीएम त्या बिंदूला शून्य समजतो. सेन्सर बॉडीतून ग्राउंड होत असेल, तर ५०० मिलिव्होल्टचा सिग्नल ईसीएमला ४०० दिसेल. म्हणजे मिश्रण रिच असताना तो लीन समजून आणखी पेट्रोल ओतेल. ४५० च्या रेषेवर निर्णय घेणाऱ्या यंत्रात १०० ची चूक म्हणजे फार झाली. दोन ग्राउंड, दोन वेगळ्या जागा.

जोडणी आणि फिटिंग

सेन्सरच्या स्वतःच्या वायरींना सोल्डर करू नका, चांगलं क्रिंप वापरा. बऱ्याच सेन्सरमध्ये आतल्या बाजूची ताजी हवा वायरच्या इन्सुलेशनमधल्या फटींतूनच आत जाते. सोल्डर किंवा ग्रीस गेलं की वाट बंद. याच कारणाने कनेक्टरमध्ये क्लीनर स्प्रेही मारायचा नाही. सिग्नलची वायर कॉइल पॅक आणि प्लगच्या वायरींपासून लांब ठेवा. डाउनपाइपजवळून जाणाऱ्या भागावर उष्णतारोधक स्लीव्ह चढवा आणि थोडी ढील सोडा, कारण इंजिन हलतं.

आटे बहुतेक सेन्सरचे १८ मिमी, १.५ पिचचे असतात. अँटी-सीझ फक्त आट्यांना, टोकाला अजिबात नाही. साधारण ४० न्यूटन मीटरने आवळायचं. नवीन बंग वेल्ड करत असाल तर सेन्सरचं टोक खाली झुकेल असा बसवा, आडव्यापेक्षा निदान १० अंश वर, म्हणजे पाणी आत साचणार नाही. फ्लँजमधून हवा गळत असेल तर आधी ती बंद करा. बाहेरची हवा आत ओढली गेली की कोणताही सेन्सर लीनच दाखवणार. आणि शिसं असलेलं रेसिंग पेट्रोल वापरत असाल तर हीटेड सेन्सरही मरेल, त्याला हीटर वाचवू शकत नाही.

हा सेन्सर काय सांगू शकत नाही

बूस्टमध्ये इंजिनला १४.७ पेक्षा बरंच रिच मिश्रण लागतं, ११ ते १२ च्या आसपास. तिथे या सेन्सरचं व्होल्टेज जवळपास सपाट असतं आणि जे थोडं बदलतं ते तापमानानेही बदलतं. जुने ट्यूनर तरीही फुल थ्रॉटलला "इतके मिलिव्होल्ट म्हणजे ठीक" असा अंदाज धरत आले. तुमचे तसे आकडे जुन्या, एक वायरच्या सेन्सरवर ठरवलेले असतील तर हीटेड सेन्सर लावल्यावर ते विसरा. सिरॅमिकचं तापमानच बदललं, तेव्हा त्याच आकड्याचा अर्थ तोच राहत नाही. फुल थ्रॉटलसाठी वाइडबँड सेन्सर लागतो, त्याच्या कंट्रोलरसकट. वाइडबँड थेट जुन्या ईसीएमला जोडता येत नाही, त्याचा सिग्नल वेगळाच असतो. काही कंट्रोलर मात्र जुन्या सेन्सरसारखं नकली आउटपुट देतात.

मोबाइलवर तपासता येईल?

बाजारात मिळणारा स्वस्त ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर इथे चालणार नाही. तो ओबीडी-२ साठी आहे, जे अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालं. ब्युइकला त्याआधीचं एएलडीएल पोर्ट आहे; त्यासाठी वेगळी केबल किंवा अडॅप्टर लागतो. तो मिळाला तर सेन्सरचे मिलिव्होल्ट आणि क्रॉस काउंट बघा. क्रॉस काउंट म्हणजे व्होल्टेजने ४५० ची रेषा किती वेळा ओलांडली. आधी साधारण २००० आरपीएमवर बघा, तिथे आकडा भराभर वर-खाली झाला पाहिजे. मग गाडी आयडलला दहा मिनिटं उभी ठेवा. तिथेही तो हलत राहिला आणि ईसीएम क्लोज्ड लूपमध्येच राहिला, तर जोडणी बरोबर. ४५० ला चिकटला तर आधी चालू इंजिनवर हीटरच्या दोन वायरींमध्ये १२-१४ व्होल्ट येतायत का ते मोजा, नवा सेन्सर नंतर मागवा.